हेल्थ वीसवर आली की पाय कुठे वळतात? 'डूम' मालिका अशी खेळून बघा

दर रविवारी पुण्यात कर्वेनगरला माझ्याकडे गेम डिझाइन शिकणारी काही मुलं येतात. "ताई, एखाद्या मालिकेतलं मेकॅनिक्स, म्हणजे खेळायचे नियम आणि कृती, भागागणिक कसं बदललं, हे ओळखायचं कसं?" हे ती हमखास विचारतात. मी त्यांना इड सॉफ्टवेअरची 'डूम' ही राक्षसांना बंदुकीने मारायच्या व्हिडिओ गेमची मालिका खेळायला लावते आणि अप्पा बळवंत चौकातून एक शंभरपानी वही आणायला सांगते. वहीत प्रत्येक भागासाठी एकच नोंद करायची: हेल्थ (खेळातल्या आपल्या पात्राची उरलेली जीवनशक्ती) वीसवर आली तेव्हा तुमचे पाय कुठे वळले? शस्त्रं, राक्षस, ग्राफिक्स यांच्या याद्या कुठेही मिळतात. पायांची नोंद मात्र स्वतः खेळूनच होते.

काठिण्य सगळीकडे 'हर्ट मी प्लेंटी' ठेवा. 'डूम ३'मध्ये 'मरीन' निवडा.

सुरुवात १९९३च्या पहिल्या भागापासून. आजच्या काही पोर्टमध्ये (नव्या यंत्रांसाठी केलेल्या आवृत्त्यांमध्ये) उडी मारता येते, माउसने वर-खाली बघता येतं. दोन्ही बंद करा, मूळ खेळात ते नव्हतं. इम्प नावाचा राक्षस वरच्या सज्जावर असला तरी बंदूक फक्त त्याच्या रोखाने धरायची, उंचीचं खेळच सांभाळतो. त्यामुळे सगळं लक्ष पायांवर राहतं. इम्पचा आगीचा गोळा येताना दिसतो, खो-खोतल्यासारखी हुलकावणी देऊन बाजूला सरकायचं. रीलोड, म्हणजे बंदुकीत पुन्हा गोळ्या भरणं, नाही. हेल्थ जमिनीवर पडलेली असते: छोट्या डब्याने १०, मोठ्याने २५. म्हणून हेल्थ घसरली की लढाई सोडून, मघाशी दिसलेला डबा आठवत तुम्ही मागे पळता. नकाशा पाठ असणं हेच इथलं चिलखत.

'डूम ३' (२००४) सावकाश खेळा, तो धावायला केलेलाच नाही. पळताना दम संपतो, बंदूक रीलोड करावी लागते, आणि हातात एक तर टॉर्च असतो नाहीतर बंदूक. २०१२च्या 'बीएफजी एडिशन'मध्ये टॉर्च चिलखतावर बसवला, त्यामुळे दोन्ही एकदम वापरता येतात. जमलं तर दोन्ही आवृत्त्यांत एकच लेव्हल खेळा. एवढ्याशा बदलाने भीती किती ओसरते, याचं इतकं स्वच्छ उदाहरण मला दुसरीकडे सापडलेलं नाही.

२०१६च्या 'डूम'ला घाई करू नका, मालिकेतलं सगळ्यात मोठं वळण इथे आहे. अर्धमेला शत्रू चमकायला लागला की जवळ जाऊन त्याला 'ग्लोरी किल'ने संपवायचं, मग त्याच्यातून हेल्थ बाहेर पडते. हेल्थ जितकी कमी, तितकी जास्त मिळते. चेनसॉने (यांत्रिक करवतीने) मारलं तर गोळ्या मिळतात. डबे आहेतच, पण भर गर्दीत ते पुरत नाहीत. १९९३मध्ये जे पाय मागे वळायचे, तेच आता शत्रूच्या अंगावर धावतात. वहीतली दोन्ही पानं शेजारी ठेवून बघा.

'डूम इटर्नल' (२०२०) तीच कल्पना आणखी ताणतो. ग्लोरी किलमधून हेल्थ, चेनसॉतून गोळ्या, आणि 'फ्लेम बेल्च'ने पेटवलेल्या शत्रूकडून आर्मर (चिलखत). गोळ्या मुद्दाम कमी दिल्यात, म्हणजे चेनसॉ काढावाच लागतो. त्याच्या इंधनाचा एक भाग आपोआप भरतो, तेव्हा तो जपून ठेवायची गरज नाही. सुरुवातीला बोटं गोंधळतात. म्हणून तिन्ही बटणं जवळजवळ ठेवा आणि पहिला आठवडा फक्त क्रम बसवण्यात घालवा. काहींना हा भाग हुकूम सोडतोय असं वाटतं. मला तो मालिकेतला सगळ्यात नेमका वाटतो, कारण इथे प्रत्येक गरजेला एक ठरलेली कृती आहे.

'द डार्क एजेस'ला (२०२५) रे ट्रेसिंग (प्रकाशकिरणांचा मार्ग मोजून चित्र काढायचं तंत्र) चालणारं ग्राफिक्स कार्ड लागतं. घरच्या पीसीवर नसेल तर गेमिंग कॅफेत तासाने खेळा. आधीची डबल जंप (हवेतच मारायची दुसरी उडी) गेली, ढाल आली. हिरवा मारा आला की योग्य क्षणी ढाल पुढे करून तो परतवायचा, बाकीचे गोळे चुकवायला १९९३सारखं बाजूला सरकायचं. सेटिंगमध्ये परतवण्यासाठी मिळणारा वेळ आणि खेळाचा वेग बदलता येतो. पहिल्यांदा त्याला हात लावू नका. दुसऱ्यांदा तीच लेव्हल परतवण्याचा वेळ वाढवून खेळा, आणि पाय जागेवर रोवले जातात की अजूनही सरकतात, ते वहीत लिहा.