पिकांची आकडेवारी : गोळा करताना आणि वापरताना या चुका टाळा

पेरणीखालील क्षेत्राला हेक्टरी उत्पादकतेने गुणले की एकूण उत्पादन मिळते, एवढे कळले की कृषी आकडेवारी समजली असा पुष्कळांचा समज असतो. प्रत्यक्षात महाराष्ट्रात यातील क्षेत्र गाव नमुना बारावरील, म्हणजे सातबाऱ्याच्या पिकांच्या भागातील, पीकपेऱ्याच्या नोंदींतून येते, तर उत्पादकता पीक कापणी प्रयोगांतून, म्हणजे निवडलेल्या शेतांतील ठरावीक मापाचा तुकडा (प्लॉट) कापून आणि त्यातला माल तोलून, ठरते. दोन्ही वाटांवर निरनिराळे दोष शिरतात, आणि नवे कर्मचारी, संशोधक विद्यार्थी व बातमीदार दरवर्षी त्याच ठिकाणी अडखळतात.

सर्वांत घातक चूक म्हणजे कापणी प्रयोगाचा प्लॉट नजरेने निवडणे. नियमाप्रमाणे आधी गाव, मग त्या गावातील ते पीक असलेला गट नंबर, आणि शेवटी शेतातील नेमकी जागा, असे सर्व काही रँडम नंबरने, म्हणजे चिठ्ठी काढल्यासारख्या यादृच्छिक अंकांनी, ठरते. शेताच्या नैऋत्य कोपऱ्यात उभे राहायचे, लांबी-रुंदी पावलांनी मोजायची आणि रँडम नंबरने ठरलेल्या अंकांइतकी पावले चालून जिथे पोहोचू तिथे पहिली खुंटी ठोकायची. ती जागा चांगली आहे की वाईट, याचा विचार करण्याचा अधिकार तिथे कोणालाही नाही.

एका सोयाबीनच्या शेतात अंकांनी आम्हाला बरोबर चिबड पट्ट्यात नेले. पाणी साचून झाडे पिवळी पडलेली, शेंगा मोजक्याच. सोबतचा नवा कर्मचारी म्हणाला, “साहेब, इथं पीकच नाही, चार पावलं पुढं घेऊ या.” विमा कंपनीच्या प्रतिनिधीने लगेच मान डोलावली. शेतकऱ्याचा आवाज चढला आणि तिन्हीसांजेला बांधावर चांगलाच वाद पेटला. गंमत नाही, त्यात पैसा होता: सोयाबीनचा प्लॉट १० मीटर बाय ५ मीटर, म्हणजे हेक्टरचा दोनशेवा भाग. त्यात दोन किलो माल अधिक भरला की हेक्टरी उत्पादकता चार क्विंटलने वाढते, आणि महसूल मंडळातील (काही गावांच्या गटातील) मोजक्या प्रयोगांच्या सरासरीवर तिथल्या सर्व विमाधारकांची भरपाई मोठ्या प्रमाणात अवलंबून असते. मी प्लॉट हलवू दिला नाही. पुढच्याच गावात अंकांनी शेतातल्या सर्वांत जोमदार भागात नेले, तेव्हा तिथला शेतकरी प्लॉट हलवा म्हणाला, आणि त्यालाही तेच उत्तर मिळाले. वाईट जागा वगळल्या तर सरासरी फुगते, चांगल्या वगळल्या तर आटते. दोन्ही आपापल्या वाट्याने येऊ दिल्या तरच तिला अर्थ राहतो.

हा वाद टाळण्यासाठी मी रँडम नंबर कार्यालयातच प्रपत्रावर शाईने लिहून नेतो आणि शेतात पाऊल टाकण्यापूर्वी ते सर्वांसमोर मोठ्याने वाचतो. दोरी ताणताना ती जमिनीलगत असावी, कारण वरून ताणलेल्या दोरीच्या काठावरची बाहेरची झाडे सहज आत ओढली जातात. प्लॉट जितका लहान, तितका हा काठाचा दोष मोठा ठरतो आणि उत्पादन जास्त दिसते. सातारा जिल्ह्यातील बुध गावचे संख्याशास्त्रज्ञ पां. वा. सुखात्मे यांनी हे १९४०च्या दशकातच दाखवून दिले होते. तरीही घाईत असलेल्या लोकांना दोरी ही निव्वळ औपचारिकता वाटते, याचे मला मनापासून वाईट वाटते. मळणीनंतर ओल्या मालाचेच वजन अंतिम धरून वाळवणीचा प्रयोग (माल वाळवून वजनातली घट काढणे) टाळणे हाही त्याच घाईचा प्रकार आहे.

दुसरी चूक पीकपेऱ्याची. पूर्वी चावडीत बसून गेल्या वर्षीचाच पीकपेरा पुन्हा उतरवला जाई. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ई-पीक पाहणी सुरू झाली आणि शेतकरी स्वतः छायाचित्रासह नोंद करू लागला, ही मोठी सुधारणा आहे. परंतु ज्या गटाची नोंद झाली नाही तो पडीक समजणे साफ चूक आहे. नेटवर्क नव्हते, मोबाइल नव्हता किंवा मुदत संपली, अशी कारणे त्यामागे असू शकतात. मिश्र पिकांत तर फारच गोंधळ होतो. सोयाबीनच्या चार ओळींनंतर तुरीच्या दोन ओळी असताना सगळे क्षेत्र निर्भेळ सोयाबीन म्हणून नोंदवले की तालुक्यातील तूर कागदावरून नाहीशी होते. अशा शेतात मी ओळी मोजून क्षेत्राची विभागणी करतो, आणि “अंदाजे निम्मे-निम्मे लिहा” असे सांगणाऱ्याचे ऐकत नाही.

कापसाचे आकडे वाचताना लोक हमखास फसतात. सरकारी उत्पादन १७० किलोच्या गाठींत, म्हणजे रुईत (सरकी काढलेल्या कापसात) दिलेले असते. शेतकरी बोलतो ते सरकीसह कापसाबद्दल आणि एकरी हिशेबाने. एकरी दहा क्विंटल कापूस म्हणजे हेक्टरी सुमारे पंचवीस क्विंटल, आणि रुई त्याच्या साधारण तिसरा हिस्सा, म्हणजे आठ क्विंटलच्या आसपास. हा हिशेब न करता “सरकारी आकडे खोटे” असा निष्कर्ष काढणारे लेखन मी वारंवार वाचले आहे. तांदूळ आणि भात (टरफलासकट साळ) यांतही हीच गल्लत होते.

बाजार समितीतील आवक म्हणजे उत्पादन नव्हे. घरी ठेवलेला आणि खेडा खरेदीत (गावातच व्यापाऱ्याला) गेलेला माल तिथे दिसत नाही, आणि शेजारच्या जिल्ह्यातून आलेला वेगळा काढता येत नाही. पैसेवारी (यंदाचे पीक नेहमीच्या तुलनेत किती आले याचा महसुली अंदाज) टंचाईच्या निर्णयांसाठी काढतात, तिच्यावरून क्विंटल काढू नयेत. विमा उतरवलेले क्षेत्र म्हणजे पेरलेले क्षेत्र नव्हे. १९७०-७१ पासून दर पाच वर्षांनी होणारी कृषी गणना प्रत्यक्ष जमीन कसणारे वहितीधारक मोजते, म्हणून सातबाऱ्यावरील खातेदारांच्या संख्येशी तिचा मेळ बसत नाही आणि बसवूही नये.

राहता राहिले आगाऊ अंदाज. केंद्रीय कृषी मंत्रालयाचा खरिपाचा पहिला अंदाज निघतो तेव्हा कापणी प्रयोगांचे पूर्ण निकाल हाती आलेले नसतात. पुढच्या अंदाजांत ते मिसळत जातात आणि आकडा बदलतो. म्हणून मी कोणताही आकडा उतरवताना त्याच्याशेजारी तो कितवा अंदाज आहे, कोणत्या तारखेचा आहे आणि वर्ष जुलै ते जून धरले आहे की कापूस-साखरेच्या हंगामासारखे ऑक्टोबर ते सप्टेंबर, हे लिहितो. ज्या तक्त्यात या तीन गोष्टी नसतात, तो मी वापरत नाही.