मोठ्या सुरमईसाठी रीलचा ड्रॅग वजनकाट्यावर सेट करा

मोठी सुरमई नाहीतर तांबोशी लागते, पहिल्याच धावेत दोरी फट्कन तुटते आणि आपण दोरीला शिव्या घालतो, पण बऱ्याचदा ड्रॅगच, म्हणजे किती जोर लागल्यावर दोरी सुटेल ते ठरवणारा रीलचा ब्रेक, जास्त आवळलेला असतो. (टोक सुरीने कापल्यासारखं साफ असेल तर ते सुरमईच्या दातांचं काम, तिथे वायर लीडरच, म्हणजे गळाआधी लावायचा तारेचा तुकडा पाहिजे.) हाताने ओढून अंदाज घेण्यापेक्षा प्रवासाची बॅग तोलायचा हुकवाला डिजिटल काटा वापरा, होडीत चढायच्या आधी दोन मिनिटांत काम होतं.

1. दोरी रॉडच्या सगळ्या रिंगांतून काढा, टोकाला लूप बांधून काट्याच्या हुकात अडकवा.
2. रॉड 45 अंशात धरा आणि सोबत्याला काटा सावकाश मागे ओढायला सांगा, झटका नको.
3. स्पूल (रीलची दोरी गुंडाळलेली चकरी) फिरायला लागला की आकडा बघा. दोरीच्या ताकदीचा पाव हिस्सा पुरे, म्हणजे 30 पौंडाच्या ब्रेडला (विणलेल्या दोरीला) साधारण साडेतीन किलो.

मासा लांब पळाला आणि स्पूलवर दोरी थोडीच उरली की ओढ आपोआप वाढते, तेव्हा घाबरून ड्रॅग आवळू नका, उलट किंचित सैल करा. आणि पळती ब्रेड उघड्या बोटांनी अजिबात धरू नका, बोट खोल कापतं.