नॉर्वेजियन आडनावात लपलेले शेत ओळखताना

हाउगेन, बाक्केन, मोएन, दाल ही नॉर्वेत माणसांची आडनावे आहेत आणि शेतांचीही. हाउगेन म्हणजे टेकडी, बाक्केन म्हणजे उतार. आपल्याकडच्या ‘कर’ लावलेल्या आडनावांसारखेच वाटते, पण एक फरक फार महत्त्वाचा आहे. जुन्या नोंदींत शेताचे नाव हा बहुतेकदा राहण्याचा पत्ता असे. ‘ओला हान्सेन हाउगेन’ म्हणजे हान्सचा मुलगा ओला, मुक्काम हाउगेन. तो बाक्केनला राहायला गेला की ‘ओला हान्सेन बाक्केन’ होई. त्यामुळे एकाच माणसाच्या दोन नोंदी दोन माणसांच्या वाटतात, आणि शेजारी राबणारा गडी उगाच नातेवाईक ठरतो. कायमचे कौटुंबिक आडनाव 1923 च्या कायद्याने सक्तीचे झाले.

म्हणून नॉर्वेजियन पूर्वजांचा शोध आडनावापासून सुरू करू नका. आधी चर्चचा परगणा पक्का करा, कारण हाउगेन नावाची शेते देशभर विखुरलेली आहेत. मग 1886 च्या जमीन नोंदवहीतून शेत क्रमांक आणि पोटक्रमांक घ्या. नाव सारखे असले तरी क्रमांकांवरून शेते वेगळी ओळखता येतात. त्यानंतर ‘डिजिटलआर्किव्हेट’ या मोफत सरकारी संकेतस्थळावर 1865, 1900 आणि 1910 च्या जनगणना पाहा. जुळवताना पहिले नाव, वडिलांचे नाव आणि जन्मवर्ष या तिन्ही गोष्टी धरा. हान्सच्या मुलीच्या नावात ‘हान्सेन’ऐवजी ‘हान्सदात्तर’ असेल.

‘å’ हे अक्षर 1917 पूर्वी ‘aa’ असे लिहीत, दोन्ही रूपे शोधा.