पोलंडच्या उन्हाळी इंग्रजी शिबिराला जाताना

चर्चच्या टीमबरोबर पोलंडमध्ये इंग्रजी शिकवायला जायचं ठरवत असाल, तर आधी कॅलेंडर बघा. आपली मे महिन्याची सुट्टी तिथे कामाची नाही. तिकडच्या शाळा जूनच्या शेवटी सुटतात, त्या ३१ ऑगस्टपर्यंत. शेंगेन व्हिसाचा (पोलंडसह युरोपातल्या बऱ्याच देशांचा एकच व्हिसा) अर्ज प्रवासाच्या ६ महिने आधीपासून करता येतो, प्रवास विमा किमान ३०,००० युरोचा लागतो. आमंत्रणपत्रात ‘स्वयंसेवक, मानधन नाही’ असं स्पष्ट लिहून घ्या. ‘फिरायला चाललोय’ अशी थाप नको.

शिकवताना व्याकरणाच्या मागे लागू नका. ते मुलं शाळेत पहिलीपासून शिकतात, अडतं बोलताना. पोलिशमध्ये ‘अ’, ‘द’ ही आर्टिकल्स नाहीत, मराठीतही नाहीत, त्यामुळे त्यांची चूक तुम्हाला चटकन कळेल. (आपली स्वतःची मात्र कळत नाही, म्हणून पाठ आधी मोठ्याने वाचून बघा.) पिशवीत चमचा, किल्ली, लिंबू टाका, मुलाने हात घालून वस्तू ओळखायची आणि पूर्ण वाक्यात सांगायची. लाजरंही बोलतं.

मुलं ‘प्रोशे पानी’ म्हणत मागे येतील. पाणी नकोय त्यांना. ‘पानी’ म्हणजे बाई.

पालक बहुतेक कॅथलिक असतात. टीम प्रोटेस्टंट असेल तर तसं नावनोंदणीच्या फॉर्मवरच छापा: इंग्रजी किती वेळ, बायबल आणि गाणी किती वेळ, आणि त्या वेळी मूल बाहेर खेळलं तरी चालेल.