गुडघेदुखीच्या व्यायामांवर ट्रायल घ्यायची तर: मुंबईच्या ओपीडीतली तयारी

ट्रायल म्हणजे रुग्णांचे गट पाडून उपचारांची तुलना करणारा अभ्यास. तिचा विषय शोधायला फिजिओथेरपीचे बहुतेक पीजी विद्यार्थी आधी पबमेड, म्हणजे वैद्यकीय शोधनिबंधांची ऑनलाइन सूची उघडतात. त्याआधी ओपीडीचं रजिस्टर उघडावं. दोन आठवडे रोज तीन आकडे लिहा: गुडघेदुखीचे नवे रुग्ण किती आले, त्यांतले तुमच्या निकषांत बसणारे किती, आणि त्यांतले पुन्हा पुन्हा येऊ शकणारे किती. तिसरा आकडा पाहून बऱ्याच जणांना विषय बदलावा लागतो. सिनॉप्सिस (अभ्यासाचा आराखडा) मंजूर व्हायच्या आत बदललेला बरा.

केईएम, नायर, सायनसारख्या पालिकेच्या रुग्णालयांत रुग्णांचा तोटा नाही, परत येणाऱ्या रुग्णांचा आहे. बदलापूरहून किंवा विरारहून आलेल्या बाई केस पेपर काढतात, व्यायाम शिकतात आणि पंधरा दिवसांनी उगवतात. त्यात त्यांचा आळस नसतो. रोजंदारीचा खाडा होतो, लोकलला गर्दी असते, आणि दुखऱ्या गुडघ्यानं स्टेशनचा पूल दोनदा चढावा लागतो. ‘चार आठवड्यांत बारा सेशन’ हा प्रोटोकॉल (अभ्यासाची लेखी कार्यपद्धती) कागदावर भक्कम दिसतो, पण तो दुसऱ्या आठवड्यात गळायला लागतो. मग एक तर जवळ राहणारे रुग्णच घ्या आणि निष्कर्ष त्यांच्यापुरताच आहे असं स्पष्ट लिहा. नाही तर चार भेटी, बाकी घरचे व्यायाम आणि आठवड्याला एक फोन अशी आखणी करा. आमच्या मते दुसरा मार्ग चांगला, कारण ट्रायल संपल्यावर ओपीडीत प्रत्यक्ष देता येतील असे उपचार तेच आहेत.

तारखा ठरवताना भिंतीवरचं कॅलेंडर समोर ठेवा. मे महिन्यात माणसं गावी जातात, गणपतीत कोकणात जातात, आणि जून ते सप्टेंबर पाऊस कधीही लोकल बंद पाडतो. अंतिम मोजणीला ठरलेल्या दिवसाच्या आगेमागे पाच दिवसांची सूट प्रोटोकॉलमध्येच लिहून ठेवा. नंतर सुचलेली सूट म्हणजे प्रोटोकॉलचं उल्लंघन.

कोणाला घ्यायचं

निदानासाठी एसीआरचे (अमेरिकन कॉलेज ऑफ रुमॅटॉलॉजीचे) क्लिनिकल निकष पुरतात, दर रुग्णाला एक्स-रे लागत नाही. गुडघेदुखी हवी, आणि सोबत या सहांपैकी किमान तीन गोष्टी: वय ५०च्या वर, सकाळचा ताठरपणा ३० मिनिटांच्या आत, हालचालीत करकर, हाडावर दाबल्यास दुखणं, हाड वाढल्यासारखं लागणं, आणि सांधा हाताला गरम न लागणं. गेल्या तीन महिन्यांत गुडघ्यात स्टेरॉइडचं इंजेक्शन झालेले, गुडघा बदललेले, रुमॅटॉइड असलेले वगळा. दोन्ही गुडघे दुखत असतील तर मोजायचा कोणता, हे आधी ठरवा. ‘जास्त दुखणारा’ हा साधा नियम चालतो. मात्र तो पहिल्या दिवशी एकदाच लावायचा. महिन्याभरानं दुसरा गुडघा जास्त दुखू लागला तरी मोजायचा तो पहिलाच.

काय मोजायचं

इथं घाई करू नका. मुख्य माप एकच ठेवा. वेदना, हालचाल, ताकद, चाल, आयुष्याचा दर्जा अशी सात मापं घेतली तर एखाद्यात योगायोगानं फरक दिसतोच, आणि मग सगळी चर्चा त्याच एकाभोवती फिरते.

वेदनेसाठी एनपीआरएस ही ० ते १० आकड्यांची पट्टी सोपी आहे. प्रश्नाचं वाक्य मात्र छापील हवं: ‘गेल्या सात दिवसांत गुडघा सरासरी किती दुखला?’ नुसतं ‘किती दुखतंय?’ विचारलं तर आत्ताच जिना चढून आलेल्या माणसाचा आकडा वेगळा येतो. वयस्क रुग्ण ‘बारा आणे फरक आहे’ असं सांगतात. त्याचं आपल्या मनानं ७५ टक्के करून टाकू नका, पट्टी दाखवून आकड्यावर बोट ठेवायला सांगा. मागच्या वेळचा आकडा त्यांना आठवून द्यायचा नाही. १० सेंटिमीटरच्या रेघेची व्हीएएस (रुग्ण रेघेवर वेदनेची खूण करतो) वापरणार असाल तर प्रत्येक प्रत पट्टीनं मोजा; झेरॉक्समध्ये रेघ लहानमोठी होते आणि ते कोणाच्या लक्षात येत नाही.

वोमॅक या सांधेझिजेच्या प्रश्नावलीत २४ प्रश्न असतात: ५ वेदनेचे, २ ताठरपणाचे, १७ रोजच्या कामांचे. ती परवानगी घेऊन वापरायची प्रश्नावली आहे. स्वतः भाषांतर करून चालत नाही, प्रमाणित मराठी आवृत्ती मिळवा. हिंदी किंवा उर्दू बोलणारे रुग्ण असतील तर त्यांचीही सोय आधीच करा. मराठी प्रश्न वाचून तोंडी हिंदी केली की ती प्रश्नावली उरत नाही. शिवाय बाथटबमध्ये उतरण्याचा प्रश्न चाळीत राहणाऱ्याला विचारून काय मिळणार? मांडी घालणं, उकिडवं बसणं, भारतीय पद्धतीचा संडास, हे तर त्यात नाहीच. ते हवं असेल तर वेगळं दुय्यम माप म्हणून घ्या, वोमॅकच्या गुणांत मिसळू नका.

कामाच्या चाचण्यांत ३० सेकंदांची खुर्ची-चाचणी ओपीडीत उत्तम बसते. बिनहाताची, ४३ सेंटिमीटर उंचीची खुर्ची भिंतीला टेकवून ठेवायची, हात छातीवर, आणि पूर्ण उभं राहणं मोजायचं. वेळ संपताना अर्ध्याच्या वर उठलेला रुग्ण पूर्ण धरायचा. हात टेकून उठला तर गुण शून्य. ओपीडीत खुर्च्या इकडून तिकडे जातात, म्हणून ट्रायलच्या खुर्चीवर रंगानं खूण करा.

सहा मिनिटांच्या चालण्याला ३० मीटरचा मोकळा कॉरिडॉर लागतो. पालिकेच्या रुग्णालयात तिथं ट्रॉल्या, नातेवाईक आणि जेवणाचे डबे असतात. १५ मीटरवर उरकलं तर वळणं वाढतात आणि अंतर कमी भरतं, मग ते ३० मीटरच्या छापील आकड्यांशी ताडून पाहता येत नाही. त्याऐवजी ४० मीटर जलद चाल घ्या: १० मीटरची पट्टी, दोन्ही टोकांना वळायला जागा, चार फेऱ्या. वळतानाचा वेळ धरायचा नाही. कोणतीही चाचणी घेण्याआधी रुग्णाला दहा-पंधरा मिनिटं बसवा, आणि शेवटची मोजणीही पहिल्या मोजणीच्याच वेळेला ठेवा.

गोनिओमीटरबद्दल (सांध्याचा कोन मोजायच्या साधनाबद्दल) थोडं स्पष्ट. गुडघा ७ अंशांनी जास्त वाकला हा बदल आहे की मोजण्याची चूक? आधी दहा-पंधरा जणांवर दोनदा मोजून आयसीसी (दोन मोजण्या किती जुळतात ते सांगणारा आकडा; १ म्हणजे तंतोतंत) काढा. समजा प्रमाण विचलन (आकड्यांचा सरासरीभोवतीचा पसारा) १५ अंश आणि आयसीसी ०.९५ आली. १५ला (१ − ०.९५) च्या वर्गमुळानं गुणलं की मोजमापाची चूक ३.३५ अंश. तिला २.७७नं गुणलं की ९.३ अंश. एका रुग्णात याहून कमी दिसलेला बदल खरा मानायला आधार नाही. आयसीसी ०.९५ ऐकायला किती छान वाटते पाहा.

किती रुग्ण

‘मागच्या बॅचनं ३० घेतले होते’ हे उत्तर नव्हे. दोन गटांत सरासरीचा फरक शोधायचा असेल, ५ टक्के पातळी (नसलेला फरक दिसण्याची शक्यता) आणि ८० टक्के पॉवर (असलेला फरक सापडण्याची शक्यता) धरली, तर प्रत्येक गटाला लागणारी संख्या साधारण १५.७ × (प्रमाण विचलन ÷ अपेक्षित फरक) चा वर्ग. एनपीआरएसवर विचलन २.५ आणि रुग्णाला जाणवेल असा फरक २ गुण धरा: १.२५ चा वर्ग १.५६, म्हणजे दर गटात २५. पाचातला एक गळेल असं धरून २५ ला ०.८ नं भागा, ३२ येतात. एकूण ६४. दोन्ही गटांना काही ना काही उपचार मिळणार असतील तर त्यांच्यातला फरक २ गुणांहून कमी असण्याचीच शक्यता जास्त. फरक १ धरला की संख्या चौपट होते. रजिस्टरमधला तो तिसरा आकडा आता काढा. समजा महिन्याला दहाच रुग्ण मिळतात, तर ६४ व्हायला साडेसहा महिने लागतील, आणि शेवटच्याचा फॉलो-अप त्याच्यापुढे. संख्या काढायला जी-पॉवर हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं.

कागदपत्रं

आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार एथिक्स कमिटीत ७ ते १५ सदस्य असतात, अध्यक्ष संस्थेबाहेरचा असतो आणि एक सदस्य सामान्य माणूस असतो. संमतीपत्रक त्या सामान्य माणसाला कळेल असं लिहा. ‘यादृच्छिक वाटप’ हे शब्द टाळा. ‘कोणता उपचार मिळेल हे चिठ्ठी टाकल्यासारखं ठरेल, डॉक्टर निवडणार नाहीत’ असं लिहा. नाही म्हटलं तरी नेहमीचे उपचार चालू राहतील, हे वाक्य वरच्या अर्ध्या पानात हवं. वाचता न येणाऱ्यांसाठी तुमच्या टीमबाहेरचा साक्षीदार लागतो, वॉर्डातला तुमचाच इंटर्न चालत नाही. प्रवासखर्च देता येतो, त्याची रक्कम प्रोटोकॉलमध्ये दाखवा.

मंजुरी मिळाली की सीटीआरआयवर, म्हणजे भारतातल्या ट्रायल्सच्या ऑनलाइन नोंदवहीत, नोंदणी. ती मोफत आहे, पण १ एप्रिल २०१८पासून तिथं फक्त आधी केलेली नोंदणी स्वीकारली जाते, म्हणजे पहिला रुग्ण घेण्यापूर्वीची. फॉर्म भरल्यावर शंका विचारल्या जातात, दुरुस्त्या कराव्या लागतात. हा काळ धरून चाला. क्रमांक हातात येण्याआधी ‘एकच तर पेशंट आहे’ म्हणून घेतला, की तारखा जुळत नाहीत आणि जर्नल पेपर परत पाठवतं.

गट पाडणं

एक दिवस एका गटाला, दुसरा दिवस दुसऱ्या गटाला, किंवा केस पेपरचा सम-विषम क्रमांक, ही वाटणी यादृच्छिक नाही. पुढचा रुग्ण कुठल्या गटात जाणार हे आधी कळलं की हात आपोआप वळतो: उत्साही दिसणाऱ्या काकूंना आजच घेतलं जातं, कुरकुरणाऱ्या आजोबांना उद्या बोलावलं जातं. यादी संगणकावर बनवा, ४ आणि ६ चे ब्लॉक (दोन्ही गट समसमान असलेले यादीचे छोटे तुकडे) मिसळून. सगळे ब्लॉक ४ चे असले तर तिघांनंतर चौथा ओळखता येतो. यादी बनवणारा माणूस ट्रायलबाहेरचा हवा. क्रमांक घातलेले अपारदर्शक लिफाफे घ्या, आत चिठ्ठीवर कार्बन पेपर ठेवा. क्रम असा: संमती, बेसलाइन (उपचाराआधीची) मोजणी, लिफाफ्यावर रुग्णाचं नाव आणि तारीख (कार्बनमुळे ती आत उमटते), मग उघडणं. पातळ पांढरा लिफाफा ट्यूबलाइटसमोर धरला की आतलं वाचता येतं, म्हणून आत अॅल्युमिनियम फॉइलचा तुकडा घाला.

उपचार लिहिणं

‘कन्व्हेन्शनल थेरपी’ असं लिहू नका. एका विभागात त्याचा अर्थ हॉट पॅक आणि स्टॅटिक क्वाड्स (मांडीचा स्नायू जागच्या जागी आवळणं), दुसऱ्यात आयएफटी (विजेच्या प्रवाहाचा शेक) आणि एसएलआर (पाय सरळ ठेवून उचलणं). टायडियर या उपचार-वर्णनाच्या मार्गदर्शिकेतली १२ मुद्द्यांची यादी समोर ठेवून दोन्ही गटांचं लिहा: व्यायाम कोणता, किती वेळा, किती सेट, धरून किती सेकंद, वजन किती, कधी वाढवायचं, कोणी शिकवलं. उदाहरणार्थ: एसएलआर, १० वेळा, ३ सेट, वर ५ सेकंद धरून; सलग दोन भेटींत तिन्ही सेट पूर्ण झाले आणि दुसऱ्या दिवशी दुखणं वाढलं नाही, तर वेट कफ अर्ध्या किलोनं वाढवायचा. थेराबँडचा (व्यायामाच्या रबरी पट्टीचा) नुसता रंग लिहून भागत नाही. वेगवेगळ्या कंपन्यांचे रंग जुळत नाहीत, आणि ताण पट्टी किती खेचली त्यावर ठरतो. कापलेल्या पट्टीची लांबी लिहा.

दोन्ही गटांना थेरपिस्टचा सारखाच वेळ द्या. एका गटाला ४० मिनिटं गप्पांसकट आणि दुसऱ्याला छापील कागद, असं असेल तर तुम्ही व्यायाम मोजला की आपुलकी, हे सांगता येणार नाही. मधल्या काळात घेतलेल्या गोळ्यांची नोंद ठेवा. पॅरासिटामॉल, डायक्लोफेनॅक कोपऱ्यावरच्या केमिस्टकडे सहज मिळतात. विचारताना ‘डॉक्टरांनी दिलेली गोळी’ नव्हे, ‘कुठलीही गोळी, लेप, तेल’ असं विचारा.

थेरपिस्टला गट माहीत असणारच. मोजणाऱ्याला माहीत नसावा. तो वेगळ्या खोलीत बसवा, आणि आत जाण्याआधी रुग्णाला सांगा: ‘कोणते व्यायाम केले ते त्यांना सांगू नका.’ तरी काही जण सांगतातच. म्हणून शेवटी मोजणाऱ्याला गट ओळखायला सांगा आणि उत्तर लिहून ठेवा. वेदनेचा आकडा मात्र रुग्ण स्वतः देतो आणि त्याला आपला उपचार ठाऊक असतो. ही मर्यादा पेपरमध्ये सांगावीच लागते.

आकडे

एक्सेलमध्ये एका रुग्णाची एक ओळ. ‘५-६’ टाइप केलं की एक्सेल त्याची तारीख करतं. नाव आणि फोन नंबर वेगळ्या फाइलमध्ये.

सर्वांत नेहमीची चूक विश्लेषणात होते. समजा अ गट ६.२ वरून ४.० वर आला, ब गट ६.४ वरून ४.५ वर. दोन्हीकडे पेअर्ड टी-टेस्ट (त्याच रुग्णांच्या आधीच्या-नंतरच्या आकड्यांची चाचणी) लावली, अ चा पी (खरा फरक नसताना एवढा फरक योगायोगानं दिसण्याची शक्यता) ०.००१, ब चा ०.०१, आणि ‘अ जास्त परिणामकारक’ असं लिहिलं. हे चूक आहे. दोन पी-व्हॅल्यूंची तुलना म्हणजे दोन गटांची तुलना नव्हे. शिवाय दुखणं सर्वांत जास्त असतानाच माणूस ओपीडीत येतो, त्यामुळे काही न करताही आकडा थोडा खाली येतोच. प्रश्न एवढाच की गटांमधला फरक किती. अ २.२ नं सुधारला, ब १.९ नं, फरक ०.३, आणि ९५ टक्के विश्वासमर्यादा (खरा फरक बहुधा ज्या हद्दीत असेल ती) समजा −१.१ ते १.७. वरची मर्यादाही २ गुणांच्या आत आहे, म्हणजे आपण शोधत होतो तेवढा फरक इथं नाही, असं ठामपणे लिहिता येतं. हा निकाल कमी दर्जाचा नाही, छापायला पाठवा. बेसलाइन धरून अँकोव्हा (सुरुवातीचा आकडा हिशेबात घेऊन गटांची तुलना) केलात तर अंदाज आणखी नेमका होतो. जमोवी किंवा जास्प या फुकट सॉफ्टवेअरमध्ये ते होतं.

व्यायाम सोडून दिलेल्या रुग्णालाही त्याच्या मूळ गटातच मोजा, आणि शेवटच्या मोजणीला बोलवा. ‘व्यायाम केले नाहीत तरी चालेल, फक्त मोजायला या’ असा फोन केला की बरेच जण येतात. रागावून केला तर येत नाहीत. कॉन्सॉर्टच्या आकृतीत (किती रुग्ण आले, किती गळाले हे दाखवणाऱ्या) गळालेल्यांचं कारण गटवार लिहा. एका गटात पाच जण ‘दुखणं वाढलं’ म्हणून गेले आणि दुसऱ्यात पाच जण ‘गावी गेले’ म्हणून, तर गळती सारखी असली तरी तिचा अर्थ सारखा नाही.