पिस्तुलाचा खटका: सेफ्टी आणि डीकॉकर यांतला फरक

कोल्ट एम १९११ आणि बेरेटा ९२एफएस ही दोन पिस्तुले शेजारी ठेवली, तर दोन्हींवर अंगठ्याने हलवता येईल असा खटका दिसतो. कोल्टचा खटका खाली केला की पिस्तूल झाडण्यास मोकळे होते. बेरेटाचा खाली केला की ते बंद होते. त्यामुळे नवे पिस्तूल हाती आले की खटका कुठे आहे एवढे पाहून भागत नाही; तो नेमके काय अडवतो आणि काय सोडतो, हे समजून घ्यावे लागते.

त्याआधी पिस्तूल रिकामे करावे. नळी सुरक्षित दिशेला आणि बोट ट्रिगरच्या बाहेर ठेवून प्रथम मॅगझीन (काडतुसांची पेटी) काढावे, मगच स्लाइड, म्हणजे पिस्तुलाचा वरचा सरकता भाग, मागे ओढावी. हा क्रम उलटला, तर पुढे जाणारी स्लाइड मॅगझीनमधले वरचे काडतूस पुन्हा चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाशी असलेल्या काडतुसाच्या जागेत, ढकलते आणि पिस्तूल रिकामे असल्याचा समज तेवढा मागे उरतो. चेंबर डोळ्यांनी पाहावे आणि बोटानेही चाचपावे. (आपल्याकडे ‘घोडा’ कोणी ट्रिगरला म्हणते, कोणी हॅमरला, शस्त्राच्या बाबतीत ही संदिग्धता परवडणारी नाही, म्हणून येथे बोटाने ओढायच्या कळीला ट्रिगर आणि मागून आपटून गोळी उडवणाऱ्या भागाला हॅमर असेच म्हटले आहे.)

हाताने लावायची सेफ्टी कोल्टवर स्पष्ट दिसते. हॅमर मागे ताणलेला असताना खटका वर केला की हॅमर तसाच ताणलेला राहतो, पण सुटू शकत नाही. स्लाइडही जागच्या जागी अडकते. म्हणजेच हे पिस्तूल रिकामे करण्यासाठी सेफ्टी काढावीच लागते, आणि नेमक्या त्याच क्षणी बोटाची शिस्त सर्वांत महत्त्वाची ठरते. हॅमर खाली असेल तर ही सेफ्टी लागतच नाही. ब्राउनिंग हाय-पॉवरची रचनाही याच धाटणीची आहे आणि ईशापूरच्या रायफल फॅक्टरीत बनणारे ९ मिमी ‘१ए’ पिस्तूल त्याच रचनेवर बेतलेले आहे.

डीकॉकरचे काम वेगळे आहे. डबल-सिंगल अॅक्शन पिस्तुलात पहिल्यांदा ट्रिगर लांबवर आणि जोर लावून, साधारण ४ ते ५ किलोच्या दाबाने, ओढावा लागतो. त्यानंतर हॅमर आपोआप ताणलेला राहत असल्याने निम्म्याच दाबाने काम होते. नेमबाजी थांबल्यावर असे हलक्या ट्रिगरचे पिस्तूल म्यानात ठेवणे धोक्याचे असते, म्हणून ट्रिगरला हात न लावता हॅमर खाली आणण्याची सोय म्हणजे डीकॉकर. सिग पी२२६ वर फक्त हीच सोय आहे, वेगळी सेफ्टी नाही. बेरेटा ९२एफएसचा स्लाइडवरील खटका हॅमर खाली पाडतो आणि खालीच राहून सेफ्टीचेही काम करतो. शिवाय तो बंद असतानाही स्लाइड ओढता येते, हा त्याचा मोठा फायदा. ९२जी प्रकारात हाच खटका सोडताच वर परततो, म्हणजे सेफ्टी उरत नाही. हेकलर अँड कॉखच्या यूएसपीच्या एका प्रकारात खटका वर केला की सेफ्टी, मध्ये ठेवला की फायर, आणि खाली दाबला की डीकॉक, अशा तिन्ही जागा आहेत.

मूळ सीझेड ७५ वर मात्र सेफ्टी आहे, डीकॉकर नाही. भरलेल्या चेंबरवर हॅमर अंगठ्याने धरून, ट्रिगर दाबत हळूच खाली सोडण्याची पद्धत काही जण वापरतात. घामट अंगठा निसटला की गोळी सुटते, त्यामुळे माझ्या मते ही सवय लावूच नये. डीकॉकर हवाच असेल, तर त्याच घराण्यातले ७५ बीडी घ्यावे.

आता रिकाम्या पिस्तुलावर पडताळणी करावी. सेफ्टी असलेल्या १९११ मध्ये हॅमर ताणून सेफ्टी लावावी, मूठ घट्ट धरून ट्रिगर दाबावा. हॅमर हलता कामा नये. मग ट्रिगर पूर्ण सोडून सेफ्टी काढावी. या वेळीही हॅमर पडता कामा नये. दोन्हींपैकी कोणत्याही वेळी तो हलला किंवा पडला, तर पिस्तूल वापरातून काढून परवानाधारक शस्त्रदुरुस्ती कारागिराकडे न्यावे. डीकॉकर असल्यास हॅमर ताणून, बोट बाहेर ठेवून खटका दाबावा. हॅमर खाली आला पाहिजे आणि, खटका फायरच्या जागेवर आणल्यावर, पुढचा ट्रिगर जड लागला पाहिजे. भरलेल्या पिस्तुलावर डीकॉकर वापरतानाही नळी सुरक्षित दिशेलाच हवी, कारण हॅमर तेव्हा जिवंत काडतुसाच्या मागेच खाली येत असतो.