प्रोसेसर ओव्हरक्लॉक करण्याआधी: तयारीची यादी

ओव्हरक्लॉक करणं म्हणजे प्रोसेसर ठरलेल्या वेगापेक्षा जास्त वेगानं चालवणं. बायोसमध्ये, म्हणजे मदरबोर्डाच्या मूळ सेटिंग्जमध्ये, मल्टिप्लायरचा आकडा (ज्यानं मूळ घड्याळाला गुणून प्रोसेसरचा वेग ठरतो) बदलायला दोन मिनिटं लागतात. बाकी सगळं काम तयारीचं आणि तपासणीचं असतं, आणि वाढवलेला वेग टिकणार की नाही हे तिथेच ठरतं. म्हणून ही यादी क्रमानं लिहितो आहे. जिथे लोक घाई करतात, तिथे मुद्दाम जास्त थांबणार आहे.

आधी प्रोसेसरचं पूर्ण नाव बघा, शेवटच्या अक्षरांसकट. इंटेलमध्ये नावाच्या शेवटी ‘के’, ‘केएफ’ किंवा ‘केएस’ असेल तर मल्टिप्लायर खुला असतो, पण सोबत झेड मालिकेचा चिपसेट (मदरबोर्डावरची नियंत्रक चिप) लागतो. बी७६० बोर्डावर ‘के’वाला प्रोसेसर बसतो, चालतो, रॅमचा वेगही वाढवता येतो; प्रोसेसरचा मल्टिप्लायर मात्र वर नेता येत नाही. एएमडीचे बहुतेक डेस्कटॉप रायझन खुले असतात आणि बी किंवा एक्स मालिकेचे बहुतेक बोर्ड पुरतात; ए५२० चालत नाही. रायझन ७ ५८००एक्स३डी हा ठळक अपवाद, त्याचा मल्टिप्लायर बंदच आहे. वॉरंटीच्या अटीही याच वेळी वाचून घ्या.

किती मिळेल याचा अंदाज आधीच बांधलेला बरा. १९९८ साली आलेल्या इंटेलच्या सेलेरॉन ३००एची बस (प्रोसेसरला बोर्डाशी जोडणारी वाट) ६६वरून १०० मेगाहर्ट्झवर नेली की तो ३००ऐवजी ४५० मेगाहर्ट्झवर धावायचा, सरळ दीडपट. आजचे प्रोसेसर कारखान्यातूनच आपल्या मर्यादेच्या जवळ येतात. बूस्टच्या (प्रोसेसर स्वतःहून गाठतो त्या कमाल वेगाच्या) वर उरलेली जागा बहुधा काही टक्क्यांचीच असते आणि तीही प्रत्येक चिपमध्ये वेगळी. त्यामुळे दुसऱ्या कुणाचे आकडे जसेच्या तसे उतरवू नका, मॉडेल तेच असलं तरी.

आता डेटा. अस्थिर प्रोसेसर नुसता हँग होऊन थांबत नाही, तो लिहिली जात असलेली फाइलही बिघडवू शकतो. महत्त्वाच्या सगळ्या गोष्टींचा बॅकअप घ्या आणि ती डिस्क काढून बाजूला ठेवा. एखादी जुनी एसएसडी पडून असेल तर तिच्यावर वेगळं विंडोज टाका आणि चाचण्या त्यावरच करा. बिटलॉकर (विंडोजचं डिस्क कुलूपबंद करणारं साधन) चालू असेल तर त्याची ४८ अंकी रिकव्हरी की कागदावर उतरवा. बायोस बदलल्यावर किंवा रीसेट केल्यावर विंडोज ती की मागू शकतं, आणि नेमकी त्याच संगणकात सेव्ह केलेली असली तर तिचा काही उपयोग नाही.

बायोस अद्ययावत करणं मी ऐच्छिक मानत नाही. इंटेलच्या १३व्या आणि १४व्या पिढीच्या डेस्कटॉप प्रोसेसरांमध्ये गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज मागितलं जाऊन चिप कायमची कमजोर होत होती. त्यावरचे मायक्रोकोड (प्रोसेसरच्या आतल्या सूचना) ऑगस्ट २०२४ पासून बायोस अपडेटमधून आले. आधीच झालेली इजा मात्र त्यानं भरून निघत नाही. २०२३ मध्ये रायझन ७००० मालिकेतले काही एक्स३डी प्रोसेसर जळाल्यावर एसओसी व्होल्टेजला (चिपमधल्या मेमरी कंट्रोलरसारख्या भागांच्या व्होल्टेजला) १.३ व्होल्टची मर्यादा घातली गेली, तीही बायोसमधूनच. अपडेट चालू असताना वीज जाणार नाही याची सोय करा. मग बायोसच्या प्रत्येक पानाचा मोबाइलवर फोटो काढा आणि ‘क्लिअर सीमॉस’चा (बायोस मूळ सेटिंगवर नेणारा) जंपर किंवा बटण बोर्डावर कुठे आहे ते आत्ताच शोधून ठेवा. स्क्रीन काळी पडल्यावर मॅन्युअल शोधत बसण्याची वेळ येऊ नये.

हार्डवेअरची तपासणी करताना एक छोटा हिशेब मांडून बघा. प्रोसेसरची वीज व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात आणि वेगाच्या सरळ प्रमाणात वाढते. १.२० व्होल्टचे १.३२ केले आणि ५ गिगाहर्ट्झचे ५.२५, तर वेग वाढला ५ टक्के. वीज मात्र १.२१ गुणिले १.०५, म्हणजे सुमारे २७ टक्के जास्त. तापमान चढलं की गळतीचा प्रवाहही वाढतो, तो यात धरलेलाच नाही. ही सगळी उष्णता कूलरला बाहेर टाकायची आहे. थर्मल पेस्ट जुनी असेल तर पुसून नवी लावा, कूलरचे स्क्रू आलटून पालटून समोरासमोरचे सारखे आवळा, पंख्यांची धूळ काढा, हवा कॅबिनेटमध्ये कुठून शिरते आणि कुठून निघते ते बघा. बोर्डाच्या वरच्या कोपऱ्यातले ८ पिनचे सीपीयू कनेक्टर पक्के बसलेत ना, तेही हात लावून तपासा. एसएमपीएस (वीजपुरवठ्याचा डबा) ग्राफिक्स कार्डासकट पूर्ण भार पेलून वर थोडी जागा राखणारा हवा. व्हीआरएमवर (प्रोसेसरला व्होल्टेज पुरवणाऱ्या भागावर) हीटसिंकच नसलेला साधा बोर्ड असेल तर मी जास्त कोअरचा प्रोसेसर त्यावर ओव्हरक्लॉक करणार नाही. तिथे प्रोसेसर थंड दिसत असतानाच बोर्ड तापून वेग खाली आणतो आणि कारण लवकर सापडत नाही.

आता ज्या टप्प्याला सगळ्यात जास्त वेळ द्यायला हवा तो: काहीही न बदलता मूळ स्थिती मोजणं. बायोस डिफॉल्टवर आणा, रॅमचं एक्सएमपी किंवा एक्सपो (रॅमचा वेग वाढवणारी तयार सेटिंग) बंद करा. बोर्डाची ‘मल्टिकोअर एन्हान्समेंट’सारखी आपोआप वेग वाढवणारी सोय असेल तर तीही बंद करा. मेमटेस्ट८६ रात्रभर चालवून रॅम निर्दोष आहे याची खात्री करा. रॅमच सदोष असेल तर पुढची प्रत्येक चूक तुम्ही प्रोसेसरच्या माथी माराल. मग एचडब्ल्यूइन्फो (तापमान, व्होल्टेज, वेग दाखवणारा प्रोग्राम) उघडा आणि वहीत रकाने आखा: खोलीचं तापमान, रिकामं असतानाचं तापमान, पूर्ण भारावरचं तापमान, भाराखालचं कोअर व्होल्टेज, पॅकेजची वॅट, सिनेबेंचचा (वेग मोजणाऱ्या प्रोग्रामचा) स्कोअर. खोलीचं तापमान हमखास लिहायचं राहतं आणि मग थंड सकाळची नोंद तापलेल्या दुपारच्या नोंदीशी ताडून बघितली जाते. मूळ स्थितीतच चाचणी फसली तर इथेच थांबा आणि तो दोष आधी दुरुस्त करा.

चाचणीची साधनं आधी उतरवून ठेवा आणि कोणतं काय पकडतं ते समजून घ्या. प्राइम९५ हा मुळात मर्सेन अविभाज्य संख्या शोधणाऱ्या प्रकल्पाचा प्रोग्राम. त्याच्या टॉर्चर टेस्टमध्ये आलेलं उत्तर आधीच माहीत असलेल्या उत्तराशी ताडून बघितलं जातं. उत्तर चुकलं की एका वर्करच्या (चाचणीतल्या एका समांतर कामाच्या) खिडकीत ‘राउंडिंग वॉज ०.५, एक्स्पेक्टेड लेस दॅन ०.४’ अशी ओळ उमटते आणि तेवढा वर्कर थांबतो. बाकीचा संगणक तेव्हा अगदी सुरळीत असतो, गाणं वाजत राहतं, माउस हलत राहतो. माझ्या दृष्टीनं या सगळ्या कामाचा गाभा त्या एका ओळीत आहे. संगणक बंद पडला नाही एवढ्यावर त्याला स्थिर म्हणू नये. त्याची उत्तरं बरोबर यायला हवीत. तसंच विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये डब्ल्यूएचईए-लॉगरच्या (हार्डवेअरच्या चुका टिपणाऱ्या भागाच्या) नोंदी बघायची सवय लावा. क्रमांक १९ची नोंद म्हणजे हार्डवेअरची चूक झाली आणि सावरली गेली. वापरताना ती जाणवतही नाही, पण मी अशी एकही नोंद चालवून घेत नाही.

थांबायच्या रेषा सुरुवात करण्याआधीच वहीत लिहा, कारण वेग चढू लागला की मन आणखी एका पायरीसाठी तयार होतं. इंटेलच्या १२व्या ते १४व्या पिढीतल्या बहुतेक ‘के’ प्रोसेसरांची तापमान-मर्यादा १०० अंश आहे, रायझन ७०००ची बहुतांशी ९५. त्या मर्यादेला टेकणारी सेटिंग म्हणजे कूलर अपुरा, एवढाच अर्थ घ्या. व्होल्टेजची रेषा आखताना आपल्याच चिपनं मूळ स्थितीत भाराखाली घेतलेला आकडा पाया धरा. व्होल्टेज ‘ऑटो’वर ठेवून मल्टिप्लायर वाढवू नका, बोर्ड आपल्या बाजूनं सुरक्षित राहायला सढळ हातानं व्होल्टेज देतो. लोड-लाइन कॅलिब्रेशन (भाराखाली व्होल्टेज किती उतरू द्यायचं ते ठरवणारी सेटिंग) मधल्या पातळीवर असू द्या. भार आल्यावर व्होल्टेज थोडं खाली येणं हे मुद्दाम ठेवलेलं असतं. ते पूर्ण सपाट केलं तर भार सुटताक्षणी व्होल्टेज उसळी मारतं, आणि ती उसळी साध्या सॉफ्टवेअरला दिसतही नाही.

इतकं झालं की पुढचं काम चिकाटीचं आहे. एका वेळी एकच गोष्ट बदला. मल्टिप्लायर एक पायरी, म्हणजे साधारण १०० मेगाहर्ट्झ, मग छोटी चाचणी, मग वहीत नोंद. चूक आली तर व्होल्टेज ०.०१ ते ०.०२ व्होल्टनं वाढवा. आखलेली रेषा आली की वेग एक पायरी खाली. स्कोअरवर लक्ष ठेवा. रायझनवर व्होल्टेज कमी पडलं तर दाखवलेला वेग तोच राहतो आणि स्कोअर उतरतो. तेव्हा एचडब्ल्यूइन्फोमधला ‘इफेक्टिव्ह क्लॉक’ बघा, खरा वेग तिथे कळतो. रायझनवर कर्व्ह ऑप्टिमायझरनं (कोअरचं व्होल्टेज कमी-जास्त करणाऱ्या बायोस सेटिंगनं) व्होल्टेज उतरवत असाल तर पूर्ण भाराची चाचणी अजिबात पुरेशी नाही. एकेकटा कोअर सर्वोच्च बूस्टवर असताना किंवा काही काम नसताना नुसता बसलेला संगणक कोसळू शकतो. त्यासाठी कोअरसायकलर एकेक कोअर वेगळा तपासतो, रात्रभर चालू द्या.

शेवटची सेटिंग ठरली की एक पायरी मागे या आणि तिथेच मुक्काम करा. रॅमचं एक्सएमपी परत चालू करून सगळ्या चाचण्या पुन्हा घ्या, कारण मेमरी कंट्रोलर त्याच चिपमध्ये आहे आणि त्याचा भार आता वाढलाय. स्लीपमधून उठवून बघा, रात्रभर बंद ठेवून सकाळी थंड अवस्थेत चालू करून बघा, उकाड्याच्या दुपारी पुन्हा चाचणी लावा. बायोसमध्ये प्रोफाइल सेव्ह करा, पण त्याच्यावर विसंबू नका. बायोस अपडेट केल्यावर सेव्ह केलेली प्रोफाइलं बऱ्याचदा पुसली जातात किंवा नव्या आवृत्तीत उघडत नाहीत. म्हणून प्रत्येक आकडा वहीत हातानं उतरवलेला असू द्या, बायोसची आवृत्ती आणि तारखेसकट. नवी आवृत्ती टाकली की ते आकडे पुन्हा भरा आणि चाचण्या पहिल्यापासून घ्या.